खरा खेकडा कोणास म्हणावे?

रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात पहाटे होड्या लागल्या म्हणजे जाळ्यांतून मासळीबरोबर नाना जातींचे खेकडे बाहेर पडतात. खरेदीस आलेली गृहिणी कुर्ली उलटी करून पाहते. पोटाकडील झाकणी निमुळती असेल तर नर, रुंद असेल तर मादी, हा निर्णय ती क्षणात करते. अमावास्येची कुर्ली भरलेली आणि पौर्णिमेची पोकळ, हा तिचा पिढीजात ठोकताळा असतो. मुंबईकडे ह्याच प्राण्यास चिंबोरी म्हणतात. घाटाखालच्या ओढ्यांत सापडणाऱ्या त्याच्या गोड्या पाण्यातील भाईबंदांस कोठे किरवी, कोठे मुठे ही नावे आहेत. संस्कृतात कर्कट आणि कुलीर असे दोन शब्द असून, पंचतंत्रातील कपटी बगळ्याची मान कापणारा तो कुलीरकच होय. कुलीर आणि कुर्ली ह्यांचे नाते तर कानालाही जाणवते.

ही सर्व नावे प्राणी कोठे राहतो, केवढा होतो आणि चवीस कसा लागतो ह्यांवरून पडलेली आहेत. परंतु खाडीतली कुर्ली, वाळूत बिळे करणारा पांढुरका खेकडा, सह्याद्रीतील किरवी आणि शंखात बिऱ्हाड करून फिरणारा तो विचित्र प्राणी, ह्यांचे परस्परांशी खरे नाते काय, असा प्रश्न विचारला की बाजारातील ज्ञान अपुरे पडते. ह्या प्रश्नाचे उत्तर शोधण्यात विद्वानांची अडीचशेहून अधिक वर्षे गेली आहेत. आणि त्या शोधाच्या इतिहासात रत्नागिरीचा वाटा लहान असला तरी नजरेआड करण्याजोगा नाही.

आरंभ करावयाचा तो स्वीडनच्या लिनियसपासून. सन १७५८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथाच्या दहाव्या आवृत्तीत त्याने सर्व प्राणिसृष्टीस दोन-दोन शब्दांची नावे दिली. त्यात खेकडे, शेवंडे, कोळंबी आणि शंखवासी खेकडे हे सगळेच त्याने 'कॅन्सर' ह्या एका प्रजातीत कोंबले, आणि ती प्रजाती कीटकांच्या वर्गात घातली. सांधे असलेले पाय आणि बाहेरून कठीण कवच एवढे साम्य त्याच्या दृष्टीने पुरेसे होते.

लिनियसचा एक शिष्य पेटर फोर्सकोल हा डेन्मार्कच्या राजाने अरबस्तानात पाठविलेल्या संशोधक मंडळीत होता. तांबड्या समुद्राच्या काठी त्याने जे प्राणी टिपून ठेवले त्यांत दातेरी कवचाचा एक मोठा खेकडा होता. सन १७६३ मध्ये येमेनात फोर्सकोल तापाने वारला. त्या मंडळीतील कार्स्टन नीबूर हा एकटाच अखेर जिवंत राहिला. तो त्याच वर्षी मुंबईस येऊन पोहोचला, तेथे सन १७६४ च्या अखेरपर्यंत राहिला आणि त्या मुक्कामात त्याने घारापुरीच्या लेण्यांची चित्रे काढली. मायदेशी परतल्यावर मित्राची टिपणे त्याने सन १७७५ मध्ये छापविली. त्या पुस्तकातील दातेरी खेकडा म्हणजे आजचा 'सायला सेराटा', अर्थात कोकणच्या खाड्यांतील चिखलात सापडणारी मोठी कुर्ली. मृताच्या कागदांतून जगापुढे आलेल्या ह्या नावाने पुढे बराच घोळ घातला. त्याचा विचार शेवटी येईल.

लिनियसचाच दुसरा शिष्य फाब्रिसियस ह्यास तामिळ किनाऱ्यावरील ट्रँकेबार ह्या डॅनिश वसाहतीतून प्राण्यांचे नमुने मिळत. सन १७९८ च्या आपल्या पुरवणी ग्रंथात त्याने हिंदी समुद्रातील अनेक खेकड्यांस नावे दिली. त्यात पाठीवर शिंपल्याची एक पाळ छत्रीसारखी धरून चालणारा एक लहानसा खेकडाही होता. आज त्याचे नाव 'कोंकीसिटीस आर्टिफिशिओसस' असे आहे. हे नाव श्रोत्यांनी ध्यानात ठेवावे, कारण पुढील कथेचा नायक हाच आहे.

सन १८०२ मध्ये फ्रेंच पंडित लात्रेय ह्याने दहा पायांच्या कवचधारी प्राण्यांचा स्वतंत्र गण केला आणि त्यात आखूड शेपटीचे व लांब शेपटीचे असे भेद पाडले. कोळंबी आणि शेवंडे हे लांब शेपटीचे. खेकडे हे आखूड शेपटीचे. गृहिणी जी झाकणी पाहून नरमादी ओळखते ती वस्तुतः खेकड्याची शेपटी, म्हणजे उदरभाग, होय. ती चपटी होऊन छातीखाली दुमडली गेली आहे, आणि मादी तिच्याच आश्रयाने आपली अंडी सांभाळते. ह्या आखूड शेपटीवालेपणास शास्त्रीय भाषेत 'ब्रॅकियूरा' म्हणतात, आणि खरे खेकडे ते हेच.

एवढ्याने प्रश्न सुटता तर बरे झाले असते. परंतु शंखवासी खेकड्याची शेपटी मऊ व पिळलेली असते. ती ना धड लांब, ना धड आखूड. वाळूत लाटेबरोबर मागच्या मागे शिरणारा अंगठ्याएवढा गोलसर प्राणी, खडकांच्या फटींतील चपटे व नाजूक पोर्सेलिन खेकडे, हेही असेच मधले. सन १८३० नंतरच्या दशकात आँरी मिल्न-एडवर्ड्स ह्याने अशांसाठी तिसरा गट मानला. त्यास 'अ‍ॅनोम्युरा' म्हणजे विलक्षण शेपटीचे, असे नाव मिळाले. ह्यांची एक साधी खूण आहे. खऱ्या खेकड्याचे नांग्यांसह पायांचे पाचही जोड सहसा ठळक दिसतात. विलक्षण-शेपट्यांचा शेवटचा जोड लहान होऊन लपलेला असतो. मिल्न-एडवर्ड्सने आपला शिंपलाधारी खेकडा आणि त्याचे गोत्रज ह्यांना ह्या तिसऱ्या गटातच बसविले, कारण त्यांचे मागचे पाय आखडून पाठीवर वळलेले असतात व त्यांनीच ते शिंपला किंवा स्पंज धरून ठेवतात. ह्या गोत्रास 'ड्रोमिया' कुळ म्हणतात.

ह्याच सुमारास खेकड्यांच्या बालपणाविषयी एक मोठा वाद उपस्थित झाला. समुद्राच्या पाण्यात सापडणाऱ्या, डोक्यावर लांब काटा असलेल्या एका सूक्ष्म जीवास बॉस्क ह्या फ्रेंच संशोधकाने सन १८०२ मध्ये 'झोइआ' हे नाव देऊन स्वतंत्र प्राणी मानले होते. आयर्लंडमधील कॉर्क येथे लष्करी वैद्य असलेल्या जॉन व्हॉन टॉमसन ह्याने सन १८२८ मध्ये जाहीर केले की, हा स्वतंत्र प्राणी नसून खेकड्याचे अर्भक आहे. खेकड्याच्या अंड्यांतून झोइआ बाहेर पडताना त्याने पाहिला होता. सुरवंटाचे फुलपाखरू व्हावे तसे हे रूपांतर! विद्वानांना ते पटेना. लंडनच्या जे. ओ. वेस्टवुड ह्याने सन १८३५ मध्ये रॉयल सोसायटीपुढे निबंध ठेवून त्याचे खंडन केले. वेस्ट इंडीजमधून आलेल्या भूखेकड्याच्या अंड्यांतील पिल्ले त्याने तपासली होती, आणि ती अंड्यातच खेकड्याच्या आकाराची झालेली होती.

गंमत अशी की, पुढच्याच वर्षी ह्याच वेस्टवुडच्या हाती महाराष्ट्रातील खेकडा आला. मुंबई सरकारचा सांख्यिकी अधिकारी कर्नल साइक्स ह्याने दख्खनचे पशुपक्षी जमवून विलायतेस नेले होते. दख्खनच्या गवताळ माळांवर खेकड्यांचा सुळसुळाट असतो हे बिशप हेबर ह्यानेही सन १८२५ च्या आपल्या पुणे प्रवासात नमूद केले आहे. साइक्सने ह्या भूखेकड्यांविषयी टिपण लिहिले आणि वेस्टवुडने त्यास बिळे करणारा ह्या अर्थाचे 'क्युनिक्युलॅरिस' हे नाव सन १८३६ मध्ये दिले. महाराष्ट्राच्या नद्यानाल्यांतील हा मोठा खेकडा आजही त्याच नावाने, 'बॅरिटेल्फ्युसा' ह्या प्रजातीत, ओळखला जातो.

त्या वादाचा निर्णय आता उघड आहे. समुद्रातील खेकड्यांविषयी टॉमसनचेच म्हणणे खरे होते. परंतु वेस्टवुडने पाहिले तेही खोटे नव्हते. सह्याद्रीतील किरवी किंवा मुठे ह्यांच्या अंड्यांतून झोइआ निघत नाही. आईच्या झाकणीखालून तयार इवलेसे खेकडेच बाहेर पडतात. ओढ्याच्या वाहत्या पाण्यात तरंगते अर्भक समुद्राला वाहून गेले असते, म्हणून त्यांच्यात ती अवस्था अंड्यातच उरकली जाते. दोघेही आपापल्या खेकड्याविषयी बरोबर होते. एका खेकड्यावरून सर्वांचा नियम सांगणे एवढीच वेस्टवुडची चूक.

टॉमसनच्या शोधामुळे वर्गीकरणास नवा साक्षीदार मिळाला. प्रौढ प्राण्याचे रूप राहणीप्रमाणे बदलते. अर्भकात मात्र कुळाची जुनी लक्षणे टिकून राहण्याचा संभव असतो. डार्विनचे पुस्तक सन १८५९ मध्ये प्रसिद्ध झाल्यावर वर्गीकरण म्हणजे नुसती कप्प्यांची मांडणी न राहता वंशावळ शोधणे झाले, आणि ह्या साक्षीदाराचे महत्त्व फार वाढले.

हिंदुस्थानच्या खेकड्यांची पद्धतशीर नोंद करण्याचे श्रेय आल्फ्रेड विल्यम अ‍ॅल्कॉक ह्याचे. हा प्रथम मलबारात कॉफीच्या मळ्यांवर नोकरीस आला, मग स्वदेशी जाऊन वैद्यकी शिकला आणि सन १८८८ मध्ये 'इन्व्हेस्टिगेटर' ह्या सर्वेक्षण नौकेवर वैद्य व निसर्गाभ्यासक म्हणून रुजू झाला. पुढे तो कलकत्त्याच्या इंडियन म्यूझियमचा अधीक्षक झाला. सन १८९५ पासून बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात त्याने भारतीय खेकड्यांवर जी निबंधमाला लिहिली तिच्यावाचून आजही अभ्यासकाचे पाऊल पुढे पडत नाही. त्या मालेत ड्रोमिया कुळास त्याने विलक्षण-शेपट्यांतून काढून खऱ्या खेकड्यांत आणले. मात्र त्यांना 'आद्य' खेकडे म्हणून निराळे आसन दिले. त्याचा निर्णय प्रौढ शरीराच्या रचनेवर उभा होता.

सन १९४२ मध्ये इंग्लंडच्या रॉबर्ट गर्नी ह्याने दशपाद प्राण्यांच्या डिंभांवर, म्हणजे अर्भकावस्थांवर, मोठा ग्रंथ लिहिला आणि उलट कौल दिला. ड्रोमिया कुळाच्या झोइआची शेपटी खऱ्या खेकड्यांच्या झोइआप्रमाणे काट्यासारखी दुभंगलेली नसून रुंद असते, आणि तिच्या कडेवर एक सूक्ष्म केसासारखा अवयव असतो. तो केस शंखवासी खेकड्यांच्या वंशाची खूण मानला जातो. शरीर सांगते खेकडा. बालपण सांगते शंखवाशाचा भाऊ. मग विश्वास कोणावर ठेवावा?

ह्या प्रश्नावर पुरावा जमवायचा तर अंड्यापासून पिल्लापर्यंतची प्रत्येक अवस्था डोळ्यांपुढे घडली पाहिजे. समुद्रातून गाळून काढलेला झोइआ कोणाचा, हे केवळ तर्काने सांगावे लागते. रत्नागिरीचा वाटा येथे येतो. सन १९५८ मध्ये रत्नागिरीस सागरी जीवशास्त्र संशोधन केंद्र सुरू झाले. पुढे ते कोकण कृषी विद्यापीठाकडे आले. तेथे के. एन. संकोळी ह्यांनी विलक्षण-शेपट्यांच्या डिंभांचा अभ्यास हाती घेतला. वाळूत शिरणाऱ्या त्या अंगठ्याएवढ्या प्राण्याची एक नवी जाती त्यांनी सन १९६५ मध्ये वर्णिली आणि लायडनचे थोर कवचधारी-तज्ज्ञ होल्टहाइस ह्यांच्या सन्मानार्थ तिला 'एमेरिटा होल्टहाइसी' हे नाव दिले. त्यानंतर संकोळी आणि शकुंतला शेणॉय ह्या दोघांनी फाब्रिसियसचा तोच शिंपलाधारी खेकडा घेऊन त्याचे डिंभ प्रयोगशाळेत वाढविले. त्यांचा निबंध भारतीय सागरी जीवशास्त्र संघाच्या नियतकालिकाच्या सन १९६७ च्या खंडात प्रसिद्ध झाला.

अशा कामाची कल्पना शहरातील वाचकास सहसा नसते. अंडी धरलेली मादी जिवंत आणावी लागते. अंडी फुटली की टाचणीच्या डोक्याएवढे डिंभ निवडून काचेच्या भांड्यांत ठेवायचे, समुद्राचे पाणी वरचेवर बदलायचे, सूक्ष्म जिवंत भक्ष्य पुरवायचे. डिंभाने टाकलेली प्रत्येक कात उचलून सूक्ष्मदर्शकाखाली पाहायची आणि पायापायावरील केस मोजून चित्र काढायचे. बहुतेक डिंभ वाटेतच मरतात. जे उरतात त्यांच्यावरून एका जातीचे बालपण प्रथमच खात्रीने समजते. ज्या जातीचे नाव युरोपात १७९८ मध्ये पडले, तिचे बालपण जवळजवळ पावणेदोनशे वर्षांनी तिच्याच समुद्राच्या काठी उलगडले.

ह्यापुढे वादाने अनेक वळणे घेतली. सन १९७७ च्या सुमारास पॅरिसच्या दानिएल गिनो ह्या विदुषीने प्रजननरंध्रांच्या स्थानावरून खऱ्या खेकड्यांचे तीन विभाग केले. नरमादी दोघांचीही रंध्रे पायांच्या मुळाशी असलेले ते आद्य. मादीची रंध्रे छातीवर सरकलेले ते मधले. आणि दोघांचीही छातीवर आलेले ते सर्वांत पुढारलेले. ड्रोमिया कुळ पहिल्या विभागात, म्हणजे खेकड्यांतच राहिले. पण सन १९९२ मध्ये अमेरिकेतील स्पीअर्स, अबेली आणि किम ह्यांनी पेशीतील एका आनुवंशिक द्रव्याच्या अक्षरक्रमाची तुलना केली. तिच्यात ह्या कुळाचा प्रतिनिधी शंखवाशांच्या शेजारी जाऊन बसला. गर्नीचा विजय झाला असे वाटले.

तो विजय पंधरा वर्षे टिकला. सन २००७ मध्ये अह्याँग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच आनुवंशिक द्रव्याचा क्रम पुष्कळ अधिक जातींतून घेऊन पाहिला, आणि ड्रोमिया कुळ पुन्हा खऱ्या खेकड्यांच्या वंशवृक्षात, परंतु त्याच्या अगदी मुळाजवळ, आले. सन २०१४ मध्ये अनेक जनुके घेऊन केलेल्या व्यापक अभ्यासानेही तोच कौल दिला. मात्र गिनोबाईंचा पहिला विभाग एकसंध वंश नसून निरनिराळ्या प्राचीन शाखांचा समूह आहे, हेही त्यातून निघाले. मग गर्नीने आणि रत्नागिरीच्या संशोधकांनी पाहिलेली ती शंखवासी लक्षणे खोटी होती काय? मुळीच नाही. खरे खेकडे आणि विलक्षण-शेपटे हे एकाच पूर्वजाचे दोन वंश आहेत. त्या पूर्वजाच्या बालपणाची खूण ड्रोमिया कुळाने जपून ठेवली आणि इतर खेकड्यांनी टाकून दिली, एवढाच तिचा अर्थ. वडिलोपार्जित वस्तू दोन चुलत घराण्यांत सापडली म्हणून ती घराणी सख्खी ठरत नाहीत.

ह्या वंशावळीतील आणखी एक नवल सांगितलेच पाहिजे. खेकड्याचे रूप निसर्गाने एकदाच घडविलेले नाही. सन १९१६ मध्ये बोराडेल ह्या इंग्रज प्राणिशास्त्रज्ञाने दाखवून दिले की, शंखवाशांसारखे प्राणीही शेपटी दुमडून, कवच रुंद करून खेकड्याच्या रूपाला येतात, आणि त्या क्रियेस त्याने स्वतंत्र नाव दिले. सन २०२१ मधील एका आढाव्यानुसार असे निदान पाच वेळा घडले आहे. म्हणून रूपावरून नाते ठरविणे धोक्याचे. पोर्सेलिन खेकडा दिसतो खेकडा, पण आहे शंखवाशांचा. आणि शिंपलाधारी दिसतो परका, पण आहे घरचा. खऱ्या खेकड्यांचा वंश जुरासिक काळापर्यंत मागे जातो. सन २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या यादीत त्यांच्या ६,७९३ जातींची गणना आहे.

हे सगळे विद्वानांचे कौतुक असेल, संसारी माणसास त्याचे काय, असे कोणी म्हणेल. त्यास उत्तर खाडीच्या चिखलातच आहे. फोर्सकोलच्या त्या दातेरी कुर्लीस कित्येक वर्षे एकच जाती मानत. सन १९९८ मध्ये कीनन आणि सहकाऱ्यांनी तिच्या चार जाती असल्याचे सिद्ध केले. भारतात त्यांतील दोन प्रामुख्याने मिळतात. पण येथील पुस्तकांत नावांची अदलाबदल झाली होती. लहान चणीच्या जातीस 'सेराटा' म्हणत, आणि जी खरी 'सेराटा', म्हणजे दोन किलोंच्याही पुढे वाढणारी, तिला ट्रँकेबारच्या नावाने ओळखत. आनुवंशिक तपासणीनंतर ही चूक उमगली आणि लहान जात 'ऑलिव्हेशिया' ठरली. ज्याने खाडीकाठी कुर्ल्या पाळण्यासाठी पैसा घातला त्यास पिल्लू कोणत्या जातीचे ह्यावरच नफातोटा अवलंबून असतो. ओळखण्याची खूण सोपी आहे. खऱ्या 'सेराटा'च्या नांगीच्या मनगटावर बाहेरच्या बाजूस दोन ठळक तीक्ष्ण काटे असतात आणि पायांवर जाळीदार नक्षी असते. लहान जातीत ते काटे बोथट किंवा लुप्त, आणि नक्षी फिकी.

ह्याहूनही मोठी गोष्ट सह्याद्रीतील खेकड्यांची आहे. सन २०१४ मध्ये 'घाटियाना' आणि सन २०१८ मध्ये 'सह्याद्रियाना' ह्या नव्या प्रजाती शास्त्रात दाखल झाल्या. सन २०१६ मध्ये वर्णिलेल्या पाच जातींपैकी एक रत्नागिरी जिल्ह्याच्या रघुवीर घाटातून मिळाली. शतकानुशतके पावसाळ्यात लोकांच्या पायांखालून जाणारे हे प्राणी आजवर निनावी होते. त्यांना तरंगते बालपण नाही हे वर आलेच आहे. समुद्रातील कुर्लीचे झोइआ प्रवाहाबरोबर दूरवर पसरतात आणि एका खाडीत नाश झाला तरी दुसऱ्या खाडीतून वस्ती पुन्हा होऊ शकते. किरवीचे पिल्लू मात्र आईच्या ओढ्यातच राहते. म्हणून डोंगराडोंगराची जात निराळी झाली, आणि म्हणूनच एक सडा खणला गेला किंवा एक झरा बुजला तर त्याबरोबर एक संपूर्ण जात पृथ्वीवरून नाहीशी होऊ शकते. तिची जागा भरून काढावयास दुसरीकडून कोणी यावयाचे नाही.

वेस्टवुडने जे अर्भक अंड्यात पाहिले, ते त्यास वादातील पुरावा वाटले होते. आज तेच अर्भक सह्याद्रीतील खेकडे इतके विविध का आणि इतके दुबळे का, ह्या दोन्ही प्रश्नांचे उत्तर झाले आहे. नाव माहीत नसलेली वस्तू गेली तरी कोणी हळहळत नाही. खेकड्यांची वंशावळ लिहिणाऱ्यांनी अडीचशे वर्षे जे श्रम केले त्यांचे मोल ह्यातच आहे की, आता काय गमावण्याचा प्रसंग आहे हे नावानिशी सांगता येते.